पॉइंट फाइव्हमधला वन बीएचके

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीला शब्दांवर पैसे पडत होते, तोवर कोथरूडमधला फ्लॅट कोथरूडमध्येच असायचा. 'डहाणूकर कॉलनी, १ बीएचके, २रा मजला, पाणी मुबलक, छोटे कुटुंब, एजंट क्षमस्व.' संपली जाहिरात. यातला 'क्षमस्व' हा एक शब्द निव्वळ सौजन्यावर खर्च केलेला, तोही बहुधा घरात दोन दिवस चर्चा होऊन. बाकी सगळी माहिती. 'प्रशस्त' लिहायचं की नाही हे हॉल पाहून ठरत नसे, 'प्रशस्त'चे वेगळे किती पडतील ते विचारून ठरे. आपल्याकडे घरांची वर्णनं इतकी वर्षं खरी राहिली ती घरमालकांच्या सचोटीमुळे नव्हे, जाहिरातीच्या दरपत्रकामुळे.

मग शब्द फुकट झाले. २००५ साली नाइन्टीनाइन एकर्स आलं, २००६ साली मॅजिकब्रिक्स, मागोमाग आणखी बरेच, आणि घराचं वर्णन लिहायला लांबरुंद मोकळी चौकट मिळाली. मोकळी जागा दिसली की तिथे बांधकाम उभं करायचं हा तर या धंद्याचा पिंडच. त्यामुळे आज धायरीतला वन बीएचके 'निसर्गाच्या कुशीत आणि शहराच्या हृदयात' एकाच वेळी असतो. कूस आहे, हृदय आहे, पत्ता तेवढा नाही. पत्त्याच्या जागी 'कोथरूड ॲनेक्स' असं काहीतरी असतं. हे ॲनेक्स चांदणी चौक ओलांडून भूगावला गेलं, तिथून पुढेही सरकत राहिलं. मध्ये मुळशीचं धरण आडवं आलं म्हणून, नाहीतर एव्हाना ताम्हिणी उतरून कोकणात गेलं असतं. मुंबईकरांनी यावर हसू नये. त्यांच्या वडाळ्यात न्यू कफ परेड उगवलेलं आहे.

आमच्या कोपऱ्यावरच्या एजंटकाकांना हा सगळा बदल जागच्या जागी बसून सोसावा लागला. काकांचं दुकान आठ बाय दहाचं. आधी तिथे एसटीडी-पीसीओ होता, मग झेरॉक्स आलं. 'जागा भाड्याने व विकत मिळेल' ही पाटी त्या दोन्हींच्या कडेकडेने वाढत गेली आणि पोटभाडेकरूने मूळ भाडेकरूला घालवावं तसं तिने दोघांनाही बाहेर काढलं. कचेरीची यंत्रसामग्री म्हणजे रबरबँड लावलेली एक जाडजूड डायरी, पुठ्ठ्याचे तुकडे बांधलेल्या किल्ल्यांचा बिस्किटांचा डबा आणि एक स्कूटर. एवढ्यावर काकांनी निम्मं कोथरूड वसवलं. उरलेलं निम्मं कोणी वसवलं असं विचारलं तर ते म्हणतात, "त्याची जबाबदारी माझी नाही."

मग पुतण्या डिजिटल मार्केटिंगचा तीन महिन्यांचा कोर्स करून आला. त्याने पहिल्याच दिवशी काकांना समोर बसवून हिशेब मांडला. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ पासून आहे, फुकट. कॅनव्हावर जाहिरातीचं चित्र करायचं, फुकट. गूगलच्या नकाशावर दुकानाची खूण टाकायची, फुकट. इन्स्टाग्राम, फुकट. खर्च काय तो पंधरा हजारांच्या आतबाहेरचा एक फोन आणि तो उभा करायला स्टँड. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "धंद्याचं सगळं सामान एवढं स्वस्त, तर फ्लॅट का रे महाग?" हा धडा पुतण्याच्या कोर्समध्ये नव्हता.

खरी गोम वेगळीच होती. स्वस्त साधनं काकांना मिळाली तशी सगळ्यांनाच मिळाली. पूर्वी एजंट व्हायचं तर दुकान लागे, पाटी लागे, समोरच्या हॉटेलात चहाचं खातं लागे. आता खिशात फोन असलेला प्रत्येक माणूस एजंट आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन एजंट आहे, इस्त्रीवाला आहे, समोरच्या जिमचा ट्रेनर आहे, आणि चौथ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' आहेत. नव्या इमारतींची बुकिंग आणून देणाऱ्यांना बिल्डर लोक 'चॅनेल पार्टनर' म्हणतात. अंगात कोट असतो, टायपिनही असते, कमिशन मात्र फ्लॅट विकला तरच. घर घेणारे आधीपासून थोडे होतेच, आता घर विकून देणारे त्यांच्यापेक्षा जास्त झाले.

पुतण्याने डायरी बंद करून सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, सुरू केलं. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे हॉट, वॉर्म की कोल्ड हे लिहायचं असतं. काकांच्या डायरीतही तीनच वर्ग होते, पण ते निराळे: 'खरा', 'बघ्या' आणि 'शेजारच्याचा केवढ्याला गेला ते काढायला आलेला'. पुण्यातलं बहुमत या तिसऱ्या वर्गात मोडतं. हा माणूस दर रविवारी साईट पाहतो, ब्रोशर घेतो, सँपल फ्लॅटमधली कॉफी पितो, कर्जाचा हप्ता काढून घेतो आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगतो की आपल्या घराची किंमत आणखी बारा लाखांनी वाढली. सीआरएमच्या मते तो हॉट. ते त्याला दर मंगळवारी आपोआप मेसेज पाठवतं आणि तो दर मंगळवारी आपोआप खूश होतो.

आता फोटोंकडे येऊ, कारण या क्रांतीचं खरं शस्त्र ते आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पॉइंट फाइव्ह नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की भिंती मागे सरकतात. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये साखरपुडा उरकता येईल असं वाटायला लागतं, चार बाय सहाच्या बाथरूममध्ये पाहुणे उतरवावेत असा मोह होतो. दाराजवळचा फ्रिज कडेला गेल्यामुळे तिरका, लांबट आणि काहीसा दुःखी दिसतो, पण भाड्याच्या घरात फ्रिज मालकाचा नसतोच, त्यामुळे त्याच्या भावना कोणी विचारात घेत नाही. एजंट मंडळी उभी राहून फोटो काढत नाहीत. ती खोलीच्या कोपऱ्यात भिंतीत शिरतात, गुडघे वाकवतात, हात डोक्यावर नेतात आणि श्वास रोखतात. तरी वॉर्डरोबच्या आरशात हेल्मेट घातलेला एक माणूस येतोच. काही जाहिरातींत सध्याचा भाडेकरू झोपलेलाही दिसतो. त्याला अजून कोणी सांगितलेलं नसतं.

मला यात एक काव्यगत न्याय दिसतो. पूर्वी बिल्डर सुपर बिल्टअपच्या हिशेबाने घर विकत. जिना, लिफ्ट, लॉबी, भिंती, डक्ट, सगळ्यातला आपापला वाटा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. हजार चौरस फूट म्हणून घेतलेल्या घरात साडेसहाशे-सातशे फूटच पायाखाली येत, बाकीचे फूट जिन्यात भेटत. १ मे २०१७ पासून रेराचा कायदा लागू झाला आणि कार्पेट एरिया म्हणजे काय ते त्याने नक्की करून टाकलं: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी सोडून आतली वापरायची जागा. विकायचं ते त्याप्रमाणेच. मधल्या काळात जगभर मोबाइलला वाइड अँगल भिंग बसू लागलं. कायद्याने काढून घेतलेले चौरस फूट कॅमेऱ्याने व्याजासकट परत केले.

आता तर कॅमेरासुद्धा जुना झाला. रिकाम्या खोलीचा फोटो एआयला दिला की ते फर्निचर लावून देतं. पुतण्याने एका रिकाम्या वन बीएचकेचा फोटो असा सजवून घेतला. राखाडी सोफा आला, कुंडीत उंच झाड आलं, भिंतीत फायरप्लेस आली आणि खिडकीबाहेर बर्फाच्छादित डोंगर आले. ही खिडकी प्रत्यक्षात सिंहगडाकडे तोंड करून आहे. काकांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "पार्टीने विचारलं, की बर्फ काढायचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का, तर काय सांगू?" फोटो मागे घेतला. वर्णन मात्र एआयचंच राहिलं, कारण ते फुकट होतं आणि त्यात 'स्वप्नांना पंख' होते. एका आठवड्यात त्याच रस्त्यावरच्या सात फ्लॅटांना तेच पंख फुटले.

एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपात एका वेळी १०२४ माणसं मावतात आणि तिथे दोनच प्रकारचे मेसेज येतात. एक: रिक्वायरमेंट. 'अर्जंट पाहिजे, टू बीएचके, कर्वेनगर, फॅमिली, व्हेज, बजेट २५, उद्या शिफ्टिंग.' दोन: अव्हेलेबल. 'टू बीएचके, कर्वेनगर, सेमी-फर्निश्ड, बॅचलर चालतील, ३२.' सेमी-फर्निश्ड म्हणजे पंखे आणि ट्यूबलाइट मालक काढून नेणार नाही. हे दोन मेसेज दिवसभर एकमेकांच्या शेजारून जातात आणि त्यांची कधी गाठ पडत नाही. पडलीच तर 'साइड बाय साइड' ठरतं, म्हणजे ज्याने त्याने आपल्या पार्टीकडून घ्यायचं.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपला दुसरा फ्लॅट काकांकडे भाड्याने द्यायला दिला, बावीस हजारांना. काकांच्या पुतण्याने तो ग्रुपवर टाकला. तिथून तो दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या. प्रत्येक हाताने आपला नंबर वर टाकला, पाचशे-हजार वाढवले आणि एखादं विशेषण जोडलं. पाचव्या दिवशी तोच फ्लॅट बाईंच्या भाचीकरवी बाईंच्याच फोनवर पोचला: 'एक्सक्लुझिव्ह, ओन्ली विथ अस, लक्झुरियस, २८.' पॉइंट फाइव्हमध्ये काढलेल्या फोटोंत बाईंना आपलं घर ओळखू आलं नाही. त्यांनी काकांना फोन केला. "अहो, हा बघा ना, ऐसपैस आहे. उजेडही छान. मी माझे दोन्ही भाड्याने देऊन या घरात राहायला जाऊ का?" काकांनी त्यांना सांगायला दोन मिनिटं घेतली. पुण्यातल्या निवृत्त शिक्षिकेला ती चुकली असं सांगायला दोन मिनिटं म्हणजे काहीच नाहीत.

रील्सबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याही थोडक्यातच असतात. तरुण एजंट 'नमस्कार मंडळी' म्हणत उलटं चालत दार उघडतो, उलटाच किचनमध्ये जातो, ड्राय बाल्कनी दाखवताना कुंडीला अडखळतो आणि शेवटी 'कमेंटमध्ये प्राइस असं लिहा' म्हणतो. खाली तीनशे लोक 'प्राइस' लिहितात. त्यातले अडीचशे इतर एजंट असतात.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर गंमत एका क्लिकची आहे. माझ्या एका मावसभावाने एका पोर्टलवर सहज म्हणून बाणेरचे दर पाहिले आणि 'नंबर पाहा' हे बटण दाबलं. त्याला नंबर दिसला नाही. त्याचा नंबर मात्र सगळ्यांना दिसला. दुपारपर्यंत वाघोलीपासून वाकडपर्यंतच्या माणसांनी त्याला 'सर' म्हणून घेतलं. त्याने "घर घेतलं आम्ही" असं सांगून पाहिलं. पलीकडून आवाज आला, "अभिनंदन सर! मग इन्व्हेस्टमेंटसाठी दुसरं?" त्याने "पैसे नाहीत" असं सांगितलं. तर लोनवाल्याचा फोन आला. शेवटी वैतागून म्हणाला, "अहो, मी स्वतःच एजंट आहे." पलीकडचा एकदम मोकळा झाला. "अरे वा, मग आधी सांगायचं ना! साइड बाय साइड करू."

२०१४ साली नोब्रोकर सुरू झालं तेव्हा काकांच्या व्यवसायबंधूंनी दोन दिवस सुतक पाळलं. मालक आणि भाडेकरू थेट भेटणार, मग आपण काय करायचं? तिसऱ्या दिवसापासून काहींनी मार्ग काढला. मध्यस्थ नको म्हणणाऱ्यांसाठी ते मालक झाले. फोनवर मालकच बोलतो, 'आमचा फ्लॅट' असं ठणकावून सांगतो. पाहायला गेलं की मात्र त्याला बेडरूमचं दार डावीकडे की उजवीकडे ते आठवत नाही, आणि मोलकरीण त्याला 'तुम्ही कोण' असं विचारते. काकांनी हे कधी केलं नाही. त्यांना अभिनय जमत नाही, आणि कोथरूडमधली मोलकरीण त्यांना ओळखते.

सरकारनेही धंद्याला तंत्रज्ञान लावलं. नव्या प्रकल्पांत विक्री करणाऱ्या एजंटाला महारेराकडे नोंदणी करावी लागते, जाहिरातीत नंबर छापावा लागतो. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि ऑनलाइन परीक्षा आणली. साठी उलटलेले काका पुतण्याबरोबर अभ्यासाला बसले. काकू म्हणाल्या, "दहावीला एवढा केला असता तर आज..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. परीक्षा देऊन आल्यावर काकांनी एकच अभिप्राय दिला: "चार पर्याय देतात. प्रत्यक्षात त्यातला एकही चालत नाही, पण 'क' बरोबर आहे." काका पास झाले. प्रमाणपत्र त्यांनी लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं, किंचित वर.

त्याच वर्षी १ ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला. नाही छापला तर पन्नास हजारांपर्यंत दंड. स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, पूर्ण व्हायची तारीख, सगळं महारेराच्या संकेतस्थळावर समोर येतं. मनापासून सांगतो, या सगळ्या स्वस्त तंत्रज्ञानात ही एक गोष्ट खरोखर गिऱ्हाइकाच्या बाजूची आहे. म्हणूनच की काय, ती महामार्गावरच्या होर्डिंगच्या खालच्या कोपऱ्यात, ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या माणसाने स्कॅन करावी अशा बेताने छापलेली असते. काकांच्या दुकानात अशा एका प्रकल्पाचं पोस्टर आहे आणि त्याच्याच शेजारी यूपीआयचा क्यूआर. चहावाला पोरगा आठवड्यातून एकदा चुकीचा कोड स्कॅन करतो. चहाचे पैसे जमा होत नाहीत, पण बी विंगचं पझेशन कधी आहे ते त्याला पाठ झालं आहे.

हे सगळं पाहून माझं एक मत झालं आहे. काका आता घरं दाखवत नाहीत. घरं गिऱ्हाइकाने आधीच पाहिलेली असतात, शंभरभर, रात्री दोन वाजेपर्यंत, अंथरुणात. तो काकांकडे येतो ते यातलं खरं काय हे विचारायला. काकांची ती रबरबँडवाली डायरी अजून ड्रॉवरमध्ये आहे आणि तिच्यात कुठल्याही पोर्टलवर नसलेले रकाने आहेत. 'पाणी सकाळी ६ ते ७, वरच्या मजल्याला ६.४०पर्यंतच.' 'टँकर एप्रिलपासून.' 'पार्किंग कागदावर आहे, तिथे सेक्रेटरीची गाडी आहे.' 'बॅचलर चालतील म्हणतात, चालत नाहीत.' 'चेअरमनला नमस्कार करू नये, बोलायला लागतात.' लोक माहितीसाठी इंटरनेट वापरतात आणि इंटरनेटवर उतारा म्हणून काकांना दलाली देतात.

भाड्याचा करारही आता घरबसल्या होतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. पूर्वी त्यासाठी निबंधक कार्यालयात दिवस जाई. आता काका लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालून येतात. अंगठा लागला की झालं. अडतं ते तिथेच. आमच्या शेजारच्या आजींचा अंगठा यंत्र ओळखेना. काकांनी आधी रुमालाने पुसायला लावला, मग केसांवरून फिरवायला लावला, मग दुसरा हात, मग करंगळीपर्यंत सगळी बोटं झाली. पन्नास वर्षं भांडी घासून रेषाच उरल्या नव्हत्या. आजी यंत्राकडे बघून म्हणाल्या, "अंगठा होता तोवर घर नावावर नव्हतं. आता घर नावावर झालं तर अंगठा गेला." नवव्या प्रयत्नाला हिरवा दिवा लागला तेव्हा भाडेकरू मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी त्यांना लगेच सांगितलं की दहानंतर असा आवाज चालणार नाही.

मोठा सौदा मात्र अलीकडेच झाला. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या एका मराठी इंजिनिअरला आईवडिलांसाठी कोथरूडमध्ये टू बीएचके घ्यायचा होता. त्याच्याकडे रात्र, इथे पहाट, अशा वेळी काका फ्लॅटमध्ये फोन घेऊन उभे. तो तिथून सूचना देणार आणि काका फिरणार. नळ सोडा. फ्लश करा. बेडरूमच्या भिंतीवर टकटक करा. होकायंत्र लावा, स्वयंपाकघर आग्नेयेला येतं का बघा. ते आग्नेयेला, मग दक्षिणेला, मग पुन्हा आग्नेयेला आलं, कारण काकांच्या दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. सगळं झाल्यावर त्याने न विचारताच काकांनी फोन खिडकीबाहेर काढला. "ते पत्र्याचं शेड दिसतंय? मंडळाचं आहे. गणपतीत दहा दिवस इथे कोणाला झोप लागत नाही."

"चालेल हो काका," तो म्हणाला, "मी कुठे राहणार आहे तिथे? आई-बाबा राहतील."

"म्हणून तर दाखवलं," काका म्हणाले आणि त्याला मागच्या बाजूच्या इमारतीतला दुसरा फ्लॅट दाखवायला घेऊन गेले. फोन हातात, चालू स्थितीत, जिन्यावरून, रस्त्यावरून. इंजिनिअरने पहाटेचं कोथरूड पाहिलं, दुधाच्या पिशव्या पाहिल्या, आणि एका कुत्र्याने काकांचा केलेला पाठलागही पूर्ण पाहिला.

तो दुसरा फ्लॅट ठरला. पैसे ऑनलाइन आले, कागदपत्रं ऑनलाइन तपासली गेली. दस्ताच्या आदल्या दिवशी दलालीचा विषय निघाला. काकांचे दोन टक्के ठरलेले होते. इंजिनिअर म्हणाला, "काका, जरा विचार करा ना. सगळं तर ऑनलाइनच झालं. तुम्ही मला एकदाही स्कूटरवरून कुठे फिरवलं नाही."

काकांनी क्षणभर विचार केला. "हे मात्र बरोबर बोललात," ते म्हणाले, आणि लाखांच्या घरातल्या त्या बिलातून त्यांनी पेट्रोलचे ऐंशी रुपये वजा केले.